वासाचा माग

बोटीवर संडासाची टाकी बसवायला लावणं हा निव्वळ सरकारी जाच आहे, असं मी भेटेल त्याला ऐकवत असे. मी ऱ्होड आयलंडमध्ये लहानशी शिडाची बोट बाळगून आहे. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत कच्चा मैला सोडायला अमेरिकेत बंदी आहेच. या राज्याने तर १९९८ सालीच आपल्या सगळ्या खाऱ्या पाण्यात प्रक्रिया केलेला मैलाही सोडायचा नाही, असं ठरवलं. “समुद्र मोठा आहे. देवमासे काय टाकी बांधून फिरतात?” हा माझा ठरलेला विनोद. लोक हसायचे.

माहिती नव्हती, असं म्हणायची सोय मला नाही. इथल्या नॅरागॅन्सेट उपसागरातल्या ज्या आडोशाच्या खाड्यांत पाणी सावकाश बदलतं, तिथेच बोटी नांगर टाकतात, आणि तळातल्या क्वाहॉग शिंपल्या तेच पाणी गाळून जगतात. तिसऱ्यांवर वाढलेल्या कोकणी माणसाला हे कोणी समजावून सांगायला नको.

कायद्यापुढे इलाज नव्हता म्हणून टाकी बसवली. थोड्याच दिवसांत केबिनमध्ये वास येऊ लागला, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. बघा, मी म्हणत नव्हतो?

धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्तरीला बोलावलं. त्याने गरम पाणी आणि जुनी फडकी मागितली. ओलं गरम फडकं नळीभोवती गुंडाळायचं, गार झालं की काढून हुंगायचं. फडक्याला वास आला, तर नळीच्या रबरातून तो झिरपतोय असं समजायचं. एक फडकं त्याने सहज नाकाशी नेलं आणि मग माझ्यापुढे धरलं. “बोट तुझी आहे.”

माझा हात मागे गेला. नुसता आखडला नाही, पाठीमागे गेला आणि मी एक पाऊल सरकलो. ती हालचाल माझ्या ओळखीची होती. लहानपणी आमच्या गावी टोपलीचे संडास होते. घरामागच्या बोळातून एक बाई यायची, पत्र्याची झडप उचलायची, टोपली न्यायची. ती आली की आम्हा मुलांना आत पिटाळत. अंगाला काही लागू नये म्हणून मी असेच हात पाठीशी बांधून पळायचो. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. घरातही कोणी ते घेतल्याचं आठवत नाही.

‘समुद्र मोठा आहे’ हा युक्तिवाद मी शास्त्रातला समजत होतो. तो त्या बोळातला होता. माझी घाण कोणीतरी माझ्या नजरेआड न्यावी, एवढाच त्याचा अर्थ. आधी ती बाई, मग समुद्र. त्यावर मी विनोद करत होतो, ही लाज वेगळी.

फडकं घेतलं. वास होता, नळीला जिथे झोळ पडला होता आणि मैला साचून राहत होता, तिथलाच. शिवाय टाकीची हवेची नळी बारीक, वळणावळणाची, आणि तिच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. हवा मिळाली नाही की टाकीत प्राणवायूविना जगणारे जिवाणू माजतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आपल्याकडे सेप्टिक टँकमध्ये उतरलेली माणसं ज्या वायूंनी गुदमरून मरतात, त्यांपैकी हा एक. माणसांकडून मैला साफ करून घ्यायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा झाला तरी त्या बातम्या येतातच. मी त्या वाचायचो आणि पान उलटायचो.

नळ्या मीच बदलल्या. सगळीकडे उतार ठेवला, हवेची नळी रुंद आणि सरळ नेली. आता संडासात गोडं पाणी वापरतो, कारण खाऱ्या पाण्यातले बारीक जीव नळीतच मरून कुजतात. किळस गेलेली नाही. हातमोजे घालतानाही तोंड वाकडं होतं.

परवा पुण्याहून पुतण्याने फोनवर विचारलं, “काका, तिकडे या कामाला माणूस मिळत नाही का?” मिळतो, म्हणालो. पुढे काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्याला हवेची नळी किती रुंद हवी ते सांगत बसलो.