हजार मीटर खालची आग

तेलविहिरीच्या गॅसचा रिपोर्ट वाचायला मी आजवर कुणाला मनापासून शिकवलं नव्हतं. आता निवृत्ती जवळ आली, हाताखाली एक तरुण इंजिनिअर मुलगी आली, म्हणून शिकवतो आहे. जमिनीखाली तेलात पेटवलेली आग कुठवर सरकली ते ती सॉफ्टवेअरवर लाल-पिवळ्या रंगांत दाखवते. मला ते रंग पटत नाहीत.

मेहसाण्याजवळच्या बलोल आणि सांथल इथलं तेल सुमारे हजार मीटर खाली आहे, जाड आहे, आणि कडेचं पाणी त्याच्याआधी विहिरीत घुसतं. वाफ सोडावी तर एवढ्या खोलवर पोचेपर्यंत तिची बरीच उष्णता वाटेतच जाते. म्हणून १९९० मध्ये बलोलला खालीच तेल पेटवून पाहिलं, आणि १९९७ पासून ते मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. थराच्या वरच्या अंगाने हवा दाबायची, थोडं तेल जाळायचं, बाकीचं उताराकडे ढकलायचं.

पण खाली खरोखर जळतंय का? मला आयुष्यभर याच प्रश्नाने छळलं. विहिरीच्या गॅसमध्ये ऑक्सिजन शून्य आला की नवखा माणूस खूश होतो. पण ऑक्सिजन संपला म्हणजे तेल जळलंच असं नाही. तापमान कमी पडलं तर तो तेलाशी नुसता जोडला जातो, आणि तेल पातळ व्हायच्या ऐवजी आणखी घट्ट होतं. म्हणून मी आधी कार्बन डायऑक्साइडचा रकाना बघतो, नायट्रोजनशी ताडून. तोही लबाड: पाण्यात विरघळतो, उशिरा पोचतो. त्यात सॅम्पलची बाटली गॅसने नीट धुऊन घेतली नसेल तर तिच्यातल्या हवेचाच ऑक्सिजन रिपोर्टात उतरतो. एका नमुन्यावर बोलू नये.

रोमानियात सुप्लाकू दे बार्काऊला १९६० च्या दशकापासून हेच काम चालत आलं आहे, तरी बोलबाला वाफेचाच. वाफ मोजून सोडता येते, आगीवर नजर ठेवत बसावं लागतं. आणि तेवढा धीर हल्ली कुणाला नाही, असं माझं ठाम मत आहे.

‘साहेबांना आकड्यांतून आग दिसते’ असं लोक म्हणायचे. ते मला फार आवडायचं. रात्री फोन आला नाही तर चैन पडायची नाही. माझी आकड्यांची वही मी कुणाला दिली नाही ती त्यासाठीच.

परवा एका विहिरीचा कार्बन डायऑक्साइड घसरतोय हे तिने माझ्याआधी हेरलं. हवा वाढवू या, असं तिचं म्हणणं. मी पुढच्या नमुन्यासाठी थांबलो आहे. यात सावधपणा किती आणि तिला आधी दिसलं याचा सल किती, ते मला वेगळं करता येत नाही.