मरु आणि गुहा

गुहा शब्दाचा धातु ‘गुह्’, म्हणजे लपविणें, आणि मरु शब्दाचा ‘मृ’, म्हणजे मरणें, हें आम्हीं पस्तीस वर्षें विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतलें; परंतु या दोन्ही शब्दांचे अर्थ आम्हांस खरे कळले ते वयाच्या सासष्टाव्या वर्षीं, अमेरिकेंतील न्यू मेक्सिको संस्थानांत.

आमचे चिरंजीव टेक्सासांत नोकरीस आहेत. सप्टेंबरअखेर आठ दिवसांची रजा काढून त्यांनीं मोटार, तंबू, गॅसची शेगडी व डाळतांदूळ असा सरंजाम सिद्ध केला, आणि म्हणाले, “अण्णा, चला.” आम्ही निघालों.

प्रथम व्हाइट सँड्स पाहिलें. सुमारें 275 चौरस मैल शुभ्र वाळूच्या टेकड्या, जणूं साखरच ओतली आहे! ही वाळू गारेची नव्हे, जिप्समची. भोंवतालच्या डोंगरांतील जिप्सम पावसाच्या पाण्यांत विरघळून खोऱ्यांत उतरतें. तेथून समुद्रास वाट नाहीं. म्हणून पाणी जागींच आटतें, स्फटिक उरतात, त्यांचा चुरा होतो आणि वारा त्याच्या टेकड्या रचतो. ही वाळू उन्हानें फारशी तापत नाहीं. तींतून अनवाणीहि चालवतें. याच गारव्यानें आमची फसगत केली.

अल्कली फ्लॅटची फेरी पांच मैलांची. वाटेंत सावली म्हणून नाहीं; रोंवलेले खांब हीच वाटेची खूण. माणशी दिवसास एक गॅलन, म्हणजे सुमारें पावणेचार लिटर, पाणी बाळगावें अशी तेथील सूचना. चिरंजीवांनीं भरून दिलेल्या बाटल्यांपैकीं दोन आम्हीं ओझें नको म्हणून गुपचूप मोटारींतच ठेविल्या. कोंकणांतला कातळ उन्हांत तुडविलेल्या माणसास पाण्याचें काय शिकवावें, हा आमचा ताठा! परततांना दोन मैल उरले असतां आमचें पाणी संपलें. जीभ टाळूस चिकटली, पाय वाळूंत रुतूं लागले. चिरंजीव मुकाट्यानें आपली बाटली पुढें करीत, आणि आम्ही घोट घेत असूं. मोटारीपाशीं आल्यावर त्यांच्या फुटलेल्या ओठांकडे लक्ष गेलें. शेवटचा मैलभर त्यांनीं स्वतः थेंबहि घेतला नव्हता. ते रागावते तर बरें झालें असतें. परंतु ते अवाक्षर बोलले नाहींत.

दुसऱ्या रात्रीं ग्वाडालूप पर्वताच्या पायथ्याशीं पाइन स्प्रिंग्ज येथें तंबू ठोकला. तेथें लांकडें पेटविण्यास मनाई. म्हणून शेगडीवर खिचडी शिजविली. ‘चूक झाली’ हे शब्द ओठांपर्यंत आले आणि परत फिरले. बापानें मुलाजवळ चूक कबूल करावी ही रीत आमच्या घरीं कधींच नव्हती.

सकाळीं कार्ल्सबाडची गुहा गांठली. नैसर्गिक तोंडांतून सव्वा मैलाची नागमोडी वाट सुमारें 750 फूट खोल उतरते. आंत हवा बारमास 56 अंश फॅरनहाइट. प्राचीन समुद्रांत सागरी जीवांनीं रचलेल्या चुनखडीच्या बांधांत ही गुहा झाली आहे. बहुतेक गुहा पावसाच्या सौम्य आम्लयुक्त पाण्यानें कोरल्या जातात. येथें मात्र भूगर्भांतील तेलसांठ्यांतून वर आलेल्या गंधकयुक्त वायूपासून गंधकाम्ल बनलें व त्यानें चुनखडी खाल्ली. त्या क्रियेंत जिप्सम तयार झालें. त्याच्या राशी ‘बिग रूम’ नामक दालनांत अद्यापि आहेत. आदल्या दिवशीं ज्यावर आमचा ताठा उतरला, तेंच जिप्सम!

उतरतांना उजेड मावळला, आणि चिरंजीवांनीं हात पुढें केला. एरवीं आम्हीं तो झिडकारला असता, त्या दिवशीं धरला, आणि त्या अंधारांतच म्हणालों, “वाळवंटांत चूक आमची झाली रे.”

क्षणभर थांबून ते म्हणाले, “पाऊल जपून टाका, अण्णा.” परंतु हात त्यांनीं अधिकच घट्ट धरला.

गुहा लपविते हें व्याकरण खरें. पण आमच्या मनांतलें लपलेलें तेथेंच उघडें झालें. हल्लीं कोठेंहि निघतांना पाण्याच्या बाटल्या आम्ही स्वतः मोजून घेतों.