मागीलदारचं पान

सर्वपित्री अमावस्येला पितरांची पानं मांडून झाली की पावस गावची माझी आत्या आणखी एक पान वाढायची. तांदळाची खीर, वडे, अळूचं फदफदं, आमसुलाची चटणी, सगळं इतर पानांसारखंच. ते पान ती स्वतः उचलून मागीलदारी, विहिरीच्या वाटेवर नेऊन ठेवायची. शाळेत असताना मी दोन वर्षं तिच्याकडे राहिले. तेव्हा विचारलं होतं, हे कुणाचं? "आहे एक माणूस," एवढंच ती म्हणाली. खरं उत्तर मिळायला 2019 चा पावसाळा यावा लागला, आणि ते मिळालं एका दूरचित्रवाणी मालिकेमुळे.

त्याआधी, 2016 च्या सुरुवातीला, मी नवऱ्याचं घर कायमचं सोडून आत्याकडे आले होते. हातात दोन बॅगा. चहा ठेवताना तिनं फक्त विचारलं, "जेवलीस का गो बाय?" का आलीस, परत कधी जाणार, हे तिनं त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढे कधीही नाही. वाडीतल्या बायका चौकशीला आल्या की ती म्हणायची, "माझी भाची आहे, माझ्याकडे राहणार आहे." या एका वाक्याच्या आधारावर मी उभी राहिले, रत्नागिरीत नोकरी धरली, सकाळची एस.टी. पकडून जाऊ-येऊ लागले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. रात्री साडेदहाला अख्खी वाडी टीव्हीसमोर. सिंधुदुर्गातल्या आकेरीचा तो वाडा, जांभ्या दगडाचे चिरे, माडांच्या सावल्या, कानावर पडणारी मालवणी. आमच्या रत्नागिरीकडची बोली वेगळी, तरी आपल्या मुलखातली माणसं पडद्यावर आपल्यासारखी बोलताना पाहून हरखायला होत होतं. सुरुवातीलाच अण्णा नाईक मरतात आणि वाड्यावर सावट पडतं. शकुंतला नरे यांच्या माई, प्रल्हाद कुडतरकरांचा विसराळू पांडू ही माणसं घराघरात पोचली.

टीकाही झाली. कोकणात भुताखेतांखेरीज काही नाही असं चित्र उभं राहतं, अंधश्रद्धेला खतपाणी मिळतं, असं अनेकांनी बोलून दाखवलं. ते मला पटत होतं. आत्याची तक्रार मात्र निराळी होती. शेवंतेचं नाव निघालं की ती उठून आत जायची. त्या पर्वात शेवंता म्हणजे अण्णांनी ठेवलेली बाई, सुषमाची आई, वाड्याच्या अशुभाचं एक नाव. एकदा उठता उठता आत्या म्हणाली, "बाईचं भूत केलं की तिचं ऐकावं लागत नाही." मी ते वाक्य ऐकलं आणि विसरले.

14 जानेवारी 2019 ला दुसरं पर्व आलं. निर्मात्यांनी कथा पुढे न नेता मागे नेली. माधव अभ्यंकरांचे अण्णा हयात असतानाचा काळ, त्यांचा दरारा, जमिनीची हाव, आणि त्या सगळ्याच्या मध्ये अण्णा-शेवंतेचं प्रेमप्रकरण. अपूर्वा नेमळेकरांनी उभी केलेली शेवंता हसत होती, नटत होती, रुसत होती, अण्णांच्या वाटेकडे डोळे लावून बसत होती. पहिल्या पर्वात जिच्या नावानं भीती घातली, तिला आता घर होतं, नवरा होता, हौस होती, चुका होत्या. वाड्यात झिजणाऱ्या माईंचं दुःखही त्याच प्रकाशात दिसू लागलं. एकाच पुरुषापायी दोन बायकांचं आयुष्य कसं नासतं, हे रोज रात्री समोर घडत होतं.

या पर्वात आत्या एकदाही उठली नाही.

श्रावणातली रात्र होती. भाग संपला, वीज गेली. काळोखात तिनं आपणहून सुरुवात केली.

1962 सालचा श्रावण. आत्या विशीची, पहिलटकरीण. तिचे यजमान मुंबईला गिरणीत. रात्री कळा सुरू झाल्या. "पऱ्याला पाणी आलेलं, सुईण पलीकडे. सासूबाई देवापुढे बसून राहिल्या. तेव्हा ती आली, मागल्या दारानं. कंदील टेकवलान, पाणी तापवलंन, आणि उजाडेपर्यंत माझ्या उशाशी बसली. पोर आडवं होतं गो. पोटावरनं हात फिरवून फिरवून तिनंच वळवलंन. नाळ कापलीन. मी वाचले, पोर वाचलं."

"ती" म्हणजे गावातल्या एका बड्या माणसानं ठेवलेली बाई. एरवी तिला आमच्या अंगणात पाऊल टाकायची मुभा नव्हती. उजाडायच्या आत ती आली तशी मागल्या दारानं निघून गेली, आणि सासूबाईंनी ती बसली होती तिथे गोमूत्र शिंपडलं. आत्या ते बाजेवरून पाहत होती. "मी तोंडातनं शब्द काढला नाही. बाळंतीण होते, सून होते, विसाची होते. पण वाचा होती ना मला?"

दोन पावसाळे गेले आणि ती बाई विहिरीत सापडली. पडली, उडी घेतली की आणखी काही, याची चौकशी कुणी केली नाही. थोड्या दिवसांत विहिरीवर हडळ दिसते असं पसरलं. तिन्हीसांजेला मुलांना तिकडे पाठवणं बंद झालं. ज्यानं तिला ठेवलं होतं तो मानानं जगला, मानानं गेला. त्याचं भूत कुणालाच दिसलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्याकडच्या भुतांची नावं आठवत राहिले. बाळंतपणात गेलेली ती अळवंतीण. आयुष्यात आणि मरणात हाल झालेल्या कितीतरी बायकांच्या वाट्याला आलेलं नाव हडळ. या नावांमध्ये बायकांच्या मरणाची कारणं साठवलेली आहेत, आणि आपण ती फक्त भिववायला वापरली. कोकणातल्या भुताच्या गोष्टीला माझा विरोध नाही, ती आमची लोककथा आहे. पण दर गोष्टीमागे एक जिती बाई असू शकते, हे मला आत्यानं शिकवलं.

दुसऱ्या पर्वानं पहिल्याची चूक पुरती सुधारली का? माझ्या मते अर्धी सुधारली. शेवंतेला तिचं माणूसपण परत दिलं, हे त्याचं मोठं काम. पण प्रेमाची बाजू इतकी देखणी झाली की अण्णा लोकांचे लाडके होऊन बसले. लोकांच्या जमिनी आणि जीव घेणाऱ्या माणसाच्या लकबींची नक्कल लहान मुलंही करू लागली. आत्याला हे खटकायचं. ती म्हणायची, "प्रेम होतं म्हणून अन्याय नव्हता, असं कुठं असतं?" मालिकेवर यापेक्षा नेमकं मी काही वाचलेलं नाही.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदीनं चित्रीकरण थांबलं. गावातल्या स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिराकडे येणारी भाविकांची वर्दळही थांबली. त्यांनी याच गावात आयुष्याची चाळीसेक वर्षं एका खोलीत काढली, 1974 साली इथेच देह ठेवला. त्या शांततेची सवय असलेलं गावही त्या दिवसांत अनोळखी वाटलं. आम्ही दोघी घरातच. तेव्हा आत्या त्या बाईबद्दल आणखी बोलली. तिला अबोलीचे वळेसर छान करता यायचे. तिच्या हातचं आंब्याचं साठ पातळ आणि एकसारखं असायचं. तिचं नावही आत्यानं मला सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं. ते मी इथे लिहीत नाही, घरात मात्र आम्ही ते आता रोजच्या बोलण्यात घेतो. ऑगस्टमध्ये मालिकेचं ते दुसरं पर्व संपलं.

मग मला आत्याकडच्या माझ्या पहिल्या दिवसाचा अर्थ लागला. 2016 साली दारात दोन बॅगा घेऊन उभ्या असलेल्या भाचीला आत्यानं पुढच्या दारानं आत घेतलं, सगळ्यांच्या देखत, एकही प्रश्न न विचारता. 1962 साली जे बोलायचं राहिलं होतं ते ती त्या दिवशी बोलली. म्हणजे मी जी सावरले, त्यात त्या बाईचाही वाटा आहे. तिला मी पाहिलेलं नाही. तरी आत्याचं ऋण मोजायला बसले की त्याच्या तळाशी तीच सापडते.

आत्या गेली त्याला आता काही वर्षं झाली. त्या रात्री जन्मलेली माझी आत्येबहीण साठी ओलांडून गेली आहे. सर्वपित्रीला आम्ही दोघी मिळून पानं वाढतो. आत्याचं पान पितरांच्या रांगेत असतं, आणि त्याच्याच शेजारी, घरात, आता त्या बाईचं.