शाळा सोडण्याचे कारण

शाळेच्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. मुख्याध्यापक झाल्यापासून तो मी शेकडो वेळा भरला आहे, आणि बहुतेक वेळा 'पालकांचे स्थलांतर' एवढेच लिहिले आहे. त्या जागेत अधिक मावतही नाही. परंतु दाखला न्यायला आलेला बाप घटकाभर बसला, की त्या दोन शब्दांआडची हकीकत कानी पडते.

पोटासाठी गाव सोडणे आपणा इंदूरच्या मराठी मंडळींना नवे नव्हे. अठराव्या शतकात होळकरांच्या फौजेबरोबर आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज माळव्यात आले. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर राजधानी झाली आणि कारकून, वैद्य, शिक्षक यांची बिऱ्हाडेही येथे स्थिरावली. पुढे कापडगिरण्यांनी हजारो संसार पोसले. १९९० च्या दशकाच्या आरंभी हुकुमचंद मिल बंद पडली. तिच्या कामगारांची थकलेली देणी चुकती होण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. तोवर कित्येकांनी डोळे मिटले होते. ही प्रतीक्षा ज्या शहराने पाहिली, तेथील तरुण पगाराच्या आकड्याआधी तो वेळेवर मिळेल काय, हे विचारतो, यात नवल ते काय?

गेल्या दिवाळीनंतर नववीतील एका मुलीचे वडील दाखला मागायला आले. पीथमपूरच्या एका कारखान्यात ते ठेकेदारामार्फत कामाला होते. आता पुण्याजवळ चाकणला निघाले होते. "पगार पुष्कळ वाढतो का?" मी विचारले. ते म्हणाले, "नाही सर, वाढेल तो घरभाड्यातच जाईल. पण तिथे सात तारखेला पैसे हातात पडतात. इथे तारीखच नाही. वाण्यापुढे किती दिवस मान खाली घालायची? शिवाय मेहुणे तिथेच आहेत, खोली त्यांनीच पाहिली."

लोक अधिक पैशाच्या मोहाने जातात, असे आपण सहज बोलून जातो. या गृहस्थांच्या बोलण्यात मोह कोठेच नव्हता. ठरलेल्या दिवशी मिळणारे वेतन, वाण्यासमोर ताठ राहणारी मान आणि परक्या शहरातील एक ओळखीचे दार, एवढ्यासाठी ते निघाले होते. दूरच्या शहराची वाट बहुधा असा एखादा मेहुणा किंवा शेजारीच दाखवतो.

या हिशेबात मुलीचे वर्ष मात्र कोणी धरले नव्हते. घरी मराठी बोलणारी ही मुलगी सारे विषय हिंदीतून शिकलेली. महाराष्ट्रातील शाळेत ऐन वर्षाच्या मध्यात तिला भूमितीच्या व्याख्यांपासून आरंभ करावा लागला असता. मी त्यांना सुचवले, आपण पुढे जा, मुलीला परीक्षेपर्यंत आजीजवळ ठेवा. दोन दिवसांनी त्यांनी होकार कळवला. मार्चपर्यंत मुलगी येथेच शिकली आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली.

आपल्या वस्त्यांतून तरुण पुण्याकडे जातच राहणार. त्यांना 'तिकडची हवा लागली' म्हणून बोल लावू नये. ज्यांच्या हाताखाली माणसे राबतात, त्यांनी मात्र वेतनाची तारीख पाळावी. आणि जाणाऱ्याने निघण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःस अवश्य विचारावेत: मुलांचे वर्ष कोठे पुरे होणार, आणि मागे राहिलेल्या आईजवळ रात्री सोबतीला कोण असणार?