सात मिनिटांची बादली

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या सांगलीच्या घरात वरच्या मजल्यावर सात माणसं आंघोळीच्या रांगेत होती. अंगाला तेल-उटणं चोपडलेलं, बाहेर गारवा, आणि रांग जागची हलेना. दोन्ही बाथरूमांतले नळ पूर्ण सोडले तरी करंगळीएवढी धार. आत गेलेली नणंद ओरडली, "वहिनी, शिकेकाई डोळ्यांत गेलीय आणि शॉवर नुसता गळतोय!" शेवटी खालून बादल्या भरून वर नेल्या. फराळाला बसायला साडेआठ वाजले. कारिट फोडायचं राहूनच गेलं.

तसा चार-पाच दिवसांपासून नळ कमी यायला लागला होता. पण सणाच्या गडबडीत 'कमी येतंय' म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं, असं चाललं होतं. आता घर भरलेलं असल्यामुळे प्रत्येकाकडे एकेक कारण तयार होतं. शेजारचे काका म्हणाले, "टाकी लहान पडते तुमची. दोन हजार लिटरची बसवा, प्रेशर येईल." दीर म्हणाला, "वरच्या मजल्याला प्रेशर पंपाशिवाय गत्यंतर नाही." पंपाचा आठ-नऊ हजारांचा आकडाही त्यानं मोबाइलवर काढून दाखवला. सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, म्हणणं वेगळंच. "बोअरचं पाणी मिसळायला लागल्यापासून हे सुरू झालं," म्हणाले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. द्रवाचा दाब भांड्याच्या आकारावर नाही, तर द्रवाच्या उंचीवर आणि घनतेवर ठरतो, हे वीसेक वर्षं फळ्यावर लिहिलं आहे. त्यामुळे काकांची मोठी टाकी तिथंच बाद झाली. हजार लिटरची असो की पाच हजारांची, पाण्याची पातळी तेवढीच असेल तर नळावरचा दाब तेवढाच. साधारण दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एक बार धरतात. आमची टाकी गच्चीवर विटांच्या तीन फुटी ओट्यावर आहे. वरच्या शॉवरपासून टाकीतलं पाणी जेमतेम अडीच मीटर उंच, म्हणजे दाब पाव बारच. खालच्या मजल्याला त्याच टाकीतून याच्या दुपटीहून जास्त दाब मिळतो. वरच्या मजल्याच्या नशिबी कमीच दाब, हे खरं. पण ही उंची घर बांधल्यापासून तेवढीच आहे. मग गेली इतकी वर्षं याच पाव बार दाबावर आम्ही सगळे आंघोळी करत होतो ना?

पाडव्याच्या दुपारी सगळे झोपलेले असताना मी वीस लिटरची बादली शॉवरखालच्या नळाला लावली आणि घड्याळ धरून बसले. बादली भरायला सात मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला तीन लिटरसुद्धा नाही. मग नुसता गार पाण्याचा नळ सोडला, नुसता गिझरचा सोडला. दोन्हीकडे तीच रड, म्हणजे गिझर सुटला. दुसऱ्या बाथरूममध्ये आणि गॅलरीतल्या बेसिनलाही तसंच, म्हणजे एखाद्या तोटीचा दोष नाही. खाली जाऊन सासूबाईंच्या स्वयंपाकघरात तीच बादली लावली, तर दीड मिनिटात काठोकाठ. म्हणजे टाकीत पाणी आहे, खालची लाइन मोकळी आहे. आमच्या टाकीला खाली दोन नळ्या आहेत, एक खालच्या मजल्याची, एक वरच्या मजल्याची. दुखणं वरच्या लाइनीतच कुठंतरी होतं, आणि तेही फाटे फुटायच्या आधी.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. तो आमच्याच शाळेत शिकलेला, म्हणून मला अजून 'बाई' म्हणतो. नळ बघून म्हणाला, "एअर धरलीय, बाई." टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की पाइपात हवेचा फुगा अडकू शकतो आणि पाणी अडतं, हे खरंच आहे. त्यानं अंगणातल्या थेट नळाला रबरी पाइप लावला, तो वरच्या बाथरूमच्या नळाला जोडला आणि सकाळच्या जोरदार पाण्यानं लाइन उलटी मारली. गच्चीवर टाकीत बुडबुडे आले. पाइप काढला तर नळाला झकास धार! चहा झाला, पैसे झाले, तो गेला.

दोन दिवसांनी धार पुन्हा करंगळीएवढी.

या वेळी त्यानं मान हलवली. "लाइन चोक झालीय, बाई. जीआय पाइप आहे, तीस वर्षं झाली. आतून गंज धरून भोक बारीक होतं. फरशी फोडून सगळं सीपीव्हीसी टाकायला लागेल." त्याचं बोलणं काही वावगं नव्हतं. जुन्या जीआय पाइपात गंज आणि बोअरच्या पाण्याचा क्षार यांची पुटं चढतात, आणि पाइपाचं भोक निम्मं झालं तर पाणी निम्म्याहून कितीतरी कमी येतं. अण्णांचा संशयही याच बाजूचा होता. पण मला एक गोष्ट खटकत होती. गंज तीस वर्षांत चढतो, आमचं पाणी मात्र आठवड्याभरात गेलं होतं. आणि बारीक झालेला पाइप दोन दिवस मोकळा होऊन पुन्हा कसा बारीक होईल?

मी विचारलं, "फरशी फोडायच्या आधी गच्चीवर एकदा बघायचं का? टाकीतून पाणी सुटतं तिथंच."

तो म्हणाला, "टाकीखालचा कॉक पूर्ण उघडा आहे, बाई. मी परवाच फिरवून बघितला."

तरी आम्ही वर गेलो. टाकीच्या बुडाशी दोन गेट व्हॉल्व्ह होते, पितळी अंगाचे, वर लोखंडी चाक. प्रत्येक व्हॉल्व्हखाली युनियन, म्हणजे सोडता येणारी जोड, मग पाइप स्लॅबमध्ये उतरतो. त्यानं पाइप पान्यानं वरच्या लाइनीची युनियन सोडली. टाकी तीन चतुर्थांश भरलेली होती. पाणी उसळून अंगावर यायला हवं होतं. त्याऐवजी व्हॉल्व्हच्या तोंडातून चहाच्या किटलीसारखी धार गळली. एवढ्यावरच फरशी वाचली. अडथळा या तोंडाच्या वर होता. खालचा सगळा पाइप निर्दोष ठरला.

मग त्यानं व्हॉल्व्हचं चाक फिरवलं. ते फिरलं, आणि फिरतच राहिलं. ना घट्ट होत होतं, ना धारेत फरक पडत होता. "आयला!" तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून ओशाळला.

टाकी रिकामी करून व्हॉल्व्ह काढला, तेव्हा सगळा उलगडा झाला. गेट व्हॉल्व्हच्या आत पितळेची पाचर असते. चाक फिरवलं की दांडीबरोबर ती वर-खाली होते आणि वाट उघडते किंवा मिटते. आमच्या व्हॉल्व्हमध्ये दांडी आणि पाचर यांची जोडच तुटलेली होती. चाक वर फिरत होतं, पाचर आपली खाली वाटेत बसलेली. ती पूर्ण बसली असती तर पाणी ठार बंद झालं असतं आणि दोष त्याच दिवशी सापडला असता. पण बुडाच्या खाचेत क्षाराचा पांढरा, दगडासारखा थर साठला होता. त्यावर ती अडून राहिली आणि खाली नखाएवढी फट उरली. त्या फटीतून आमची दिवाळी चालली होती. लाइन उलटी मारली तेव्हा ती सैल पाचर हलून वर सरकली असणार आणि दोन दिवसांनी पुन्हा घसरली असणार.

पण तुटली कधी? हा प्रश्न मी विचारला आणि उत्तर माझ्याच तोंडी आलं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही टाकी धुऊन घेतली होती. धुणाऱ्या मुलांनी दोन्ही कॉक बंद केले, धुऊन झाल्यावर उघडले. वरच्या लाइनीचा कॉक इतक्या वर्षांत कुणी हलवलाच नव्हता. तो जाम होता, आणि एकानं पाना अडकवून फिरवल्याचं मी स्वतः गच्चीवर उभी राहून बघितलं होतं. चाक फिरलं म्हणजे कॉक उघडला, असं त्यालाही वाटलं, मलाही वाटलं.

नवा बॉल व्हॉल्व्ह बसवला. त्याची दांडी पाइपाच्या रेषेत असली की उघडा, आडवी केली की बंद, बघताक्षणी कळतं. धार आली, पण गॅलरीतलं बेसिन तसंच रडत होतं. त्याच्या तोटीच्या तोंडाची जाळी काढली, तर तिच्यात गंजाचे पापुद्रे आणि वाळू. टाकी धुताना सुटलेला गाळ तिथं येऊन थांबला होता. शॉवरची भोकंही तशीच. दोन्ही रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून सकाळी जुन्या टूथब्रशनं घासले. व्हॉल्व्ह, टेफ्लॉन टेप आणि मजुरी धरून सगळं हजार रुपयांच्या आत झालं. बादली आता दोन मिनिटं वीस सेकंदांत भरते.

दिराचा पंप बसवला असता तर काय झालं असतं, हे प्लंबरलाच विचारलं. तो म्हणाला, "त्या फटीतनं पंपाला पाणीच पुरलं नसतं, बाई. नुसता घरघरला असता आणि जळला असता." आपण सगळे 'प्रेशर नाही' म्हणतो. आमच्याकडे प्रेशर पहिल्या दिवसापासून होतं तेवढंच होतं. नळ बंद असताना तुंबलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पुरता भरतो. अडथळा दिसतो तो पाणी वाहायला लागल्यावरच. म्हणून नळाकडे बघून काही कळत नाही, बादली लावूनच कळतं.

तुमच्याकडे पाणी कमी येत असेल, तर कुणाला बोलावण्याआधी तीन गोष्टी करा. घड्याळ लावून बादली भरा. सगळ्या नळांना तसं होतंय की एकाच, तेही बघा. आणि पाणी कमी व्हायच्या आधी टाकीला, पाइपाला शेवटचा हात कुणी, कुठं लावला, ते आठवा. टाकीखालचे कॉक वर्षातून दोनदा तरी हातानं बंद-उघड करत जा. जाम वाटला तर पाना लावू नका, बदलून घ्या. आणि नळ चांगला चालू असतानाच एकदा बादलीची वेळ मोजून लिहून ठेवा. आमची मी गिझरशेजारी पेन्सिलनं लिहिली आहे.