तीनशे प्रतींचा संसार

सरकारी नोकरीत ज्याची हयात गेली, त्याचे वर्ष ३१ मार्चलाच संपते. पाडवा येवो, दिवाळी येवो, त्याच्या मनातली वही काही त्या दिवशी बंद होत नाही. मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. पण होळी उलटून जयपूरची हवा तापू लागली की जमाखर्चाचे कागद समोर घेऊन बसल्यावाचून मला अजून चैन पडत नाही. आता हिशेब पाहण्यासारखे उरले आहे ते आमचे चिमुकले प्रकाशन. त्याला ‘प्रकाशन’ म्हणावे की नाही, याविषयी आमच्यातच एकवाक्यता नाही. पाच बिऱ्हाडकरूंनी वर्षाकाठी आपापल्या निवृत्तिवेतनातून थोडी रक्कम बाजूला काढावी आणि एक, फार तर दोन मराठी पुस्तके छापावीत, एवढाच त्याचा व्याप. कचेरी म्हणजे शास्त्रीनगरातील माझ्या घराची गच्चीलगतची खोली. खिडकीतून नाहरगडाची डोंगरओळ दिसते, आणि खाटेखाली मागील सात वर्षांची पुस्तके दिसतात.

शास्त्रीनगर ही काही जुन्या जयपुराची गुलाबी पेठ नव्हे. तटाबाहेर, उत्तरेच्या अंगाला, स्वातंत्र्यानंतर वसलेली ही नोकरदारांची वस्ती. विज्ञान उद्यान आणि कांवटिया रुग्णालय या येथील खुणेच्या जागा. साहित्याच्या इतिहासात या वस्तीचे नाव कोणी घेईल असे वाटत नाही. मात्र येथे भाडे बेताचे, शेजारी सालस आणि दुपारी शांतता असते. मुद्रिते तपासायला याहून अधिक काय हवे?

आता हिशेब. या वर्षी एका निबंधसंग्रहाच्या तीनशे प्रती काढल्या. पैकी विकल्या गेल्या १४१. भेट गेल्या ६२. कायद्यापोटी गेल्या ४. आणि खाटेखाली आहेत ९३. भेटप्रतींच्या आकड्यावर मी स्वतःच लेखापरीक्षक असतो तर आक्षेप घेतला असता. परप्रांतीच्या मराठी माणसाला मराठी पुस्तकाविषयी जिव्हाळा आहे यात शंका नाही. तो जिव्हाळा पुष्कळदा फुकट प्रतीच्या रूपाने व्यक्त होऊ इच्छितो, एवढेच. मोठ्या हुद्द्यावरील एका गृहस्थांनी तर आपल्या तीन भावांसाठी तीन प्रती मागून घेतल्या, आणि पुस्तकाची किंमत फार वाजवी ठेवल्याबद्दल आमचे अभिनंदन केले.

कायद्यापोटी गेलेल्या चार प्रतींविषयी मात्र मला ममत्व आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे भारतात पुस्तक प्रसिद्ध करणाऱ्याने तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि एकेक चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवावी लागते. न पाठविल्यास दंड फार तर पन्नास रुपये आणि पुस्तकाची किंमत! त्यामुळे कित्येक प्रकाशक हा कायदा विसरूनच जातात. आम्ही विसरत नाही. शास्त्रीनगरातल्या खोलीत बांधलेले पुडके मुंबईच्या टाऊन हॉलात, एशियाटिक सोसायटीच्या त्या भव्य पायऱ्या चढून जाणार, या कल्पनेतच टपालहशील वसूल होते.

टपालहशिलाचे नाव निघाले म्हणून सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुकपोस्टाची सोय बंद केली. वर्तमानपत्रांत ती बातमी कोपऱ्यात आली असेल. आमच्यासारख्यांना ती पहिल्या पानाची होती. मोठ्या प्रकाशकाच्या पेट्या मालमोटारीने जातात. आमचे पुस्तक एकेकटे निघते: एक भोपाळला, एक बडोद्याला, एक हैदराबादेला. त्या एकट्या प्रवाशाला सवलतीचे तिकीट होते, ते गेले. ग्रंथावर कर नाही, हे सरकारचे औदार्य खरे. परंतु कागदावर कर आहे, आणि ग्रंथच करमुक्त असल्यामुळे कागदावर भरलेला कर वळता करून मिळत नाही. नियमाच्या दृष्टीने यात काही वावगे नाही. अशा नियमांचे समर्थन करणारी टिपणे मी स्वतः उमेदीत लिहिली आहेत. फक्त त्या नियमाच्या दुसऱ्या टोकाला कोण उभे असते, हे तेव्हा दिसत नसे.

हे सारे सोसवते. न सोसवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे ‘ऱ’. आपले पुस्तक आम्ही चांदपोलापलीकडच्या एका छापखान्यात देतो. तेथला अक्षरजुळणी करणारा तरुण हुशार आहे. लिपी एकच असल्यामुळे परप्रांतात मराठी छापणे सोपे, असे दुरून वाटते. पण हिंदीची नागरी आणि आपली नागरी या सख्ख्या बहिणी असल्या तरी त्यांच्या वागण्यात भेद आहे. तिचा ‘ल’ निराळा, ‘श’ निराळा. ‘ळ’ पाहून हा मुलगा बिचकेल, अशी माझी अपेक्षा होती. उलट त्याला आनंदच झाला. “भाईसाहब, हे तर आमच्या मारवाडीतले अक्षर!” असे तो म्हणाला, आणि खरेच, राजस्थानी भाषेत ‘ळ’ अगदी घरचा आहे. हिंदीने टाकलेले अक्षर महाराष्ट्राने आणि मरुभूमीने मात्र जपले. तेथवर आमचा स्नेह जमला. घोटाळा झाला तो ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ येथे. पापणीच्या केसासारखा तो अर्धा ‘र’ त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. पहिल्या मुद्रितात सगळीकडे ‘र्य’ होऊन आला. ‘पुढाऱ्यांच्या आचार्यांना’ हे शब्द एकाच पंगतीत बसले. मी त्याला ‘आचार्य’ आणि ‘आचारी’ यांतला भेद समजावून सांगितला: ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना, आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना, लिहिण्यात फरक पापणीएवढाच. तो मनापासून हसला, आणि तेव्हापासून त्या अक्षराची चूक त्याच्याकडून फार क्वचित होते. व्याकरणाचे नियम सांगून जे साधले नाही, ते एका आचाऱ्याने साधले.

जयपूर आणि मराठी छापखाना यांचे हे नाते आम्हीच प्रथम जोडले, असा गर्व होण्याचे कारण नाही. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १८८६ पासून ‘काव्यमाला’ या नावाने अप्रसिद्ध संस्कृत काव्यांची जी माला काढली, तिचे संपादक दोघे होते: मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब आणि जयपूरच्या महाराजांच्या आश्रयाचे पंडित दुर्गाप्रसाद. एक जयपूरचा, एक मुंबईचा. आणि खिळे जावजी दादाजींचे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात कामाला लागलेल्या या माणसाने नागरी अक्षराला जे वळण दिले, ते पुढे साऱ्या हिंदुस्थानच्या डोळ्यांत बसले. त्या काळी जयपूरहून मुंबईला पोथ्यांचे आणि मुद्रितांचे टपाल कसे जात-येत असेल, याचा विचार मी रांगेत उभा असताना पुष्कळदा करतो.

याच राजस्थानात दुसरे उदाहरण आहे, ते मला अधिक जवळचे वाटते. जोधपूर जिल्ह्यात बोरुंदा नावाचे खेडे आहे. विजयदान देथा आणि कोमल कोठारी यांनी १९६० मध्ये तेथे ‘रूपायन संस्थान’ स्थापिले. देथांनी गावोगावच्या, विशेषतः बायकांच्या तोंडच्या कथा ऐकाव्यात, त्या आपल्या पद्धतीने राजस्थानीत लिहाव्यात, आणि त्या गावातल्याच छापखान्यात जुळवल्या जाव्यात, असा क्रम कित्येक वर्षे चालला. ‘बातां री फुलवाड़ी’चे चौदा भाग त्यातून निघाले, दहाव्या भागाला १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या भाषेला शाळेत जागा नाही, कचेरीत मान नाही, तिच्यात, आणि तेही खेड्यात छापखाना घालून! कोणत्याही लेखापरीक्षकाने या उद्योगावर पहिल्याच वर्षी ‘निष्फळ खर्च’ असा शेरा मारला असता. पुढे मणी कौल यांनी त्याच कथांपैकी एकीवर ‘दुविधा’ हा चित्रपट काढला, हबीब तन्वीरांनी ‘चरणदास चोर’ रंगभूमीवर आणला. पण ते पुढे. पहिल्या वर्षाच्या ताळेबंदात यातले काय दिसले असते?

मला वाटते, वर्ष हे मापच लहान प्रकाशनाला लागू पडत नाही. आपल्या मराठीतच पाहा. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढल्या. कोलटकरांचे त्यानंतरचे मराठी संग्रह, ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’ आणि ‘द्रोण’, यायला २००३-०४ उजाडले, तेही प्रासकडूनच. मध्ये सव्वीस वर्षे गेली. या काळात किती प्रकाशक उदयाला आले, किती बुडाले, कितींनी दर महिन्याला नवी पुस्तके बाजारात लोटली! कवीने हात आखडता घेतला म्हणून प्रकाशकाने पाठ फिरवली नाही, की घाईही केली नाही. आणि वेळ आली तेव्हा मराठी-इंग्रजी पुस्तकांची रांग लागली, कारण कोलटकरांचे आयुष्य संपत आले होते. २५ सप्टेंबर २००४ रोजी ते गेले. ‘भिजकी वही’ला अकादमीचा पुरस्कार त्यांच्या मागे, २००५ साली मिळाला. पण पुस्तके त्यांनी स्वतः पाहिली. ते दृष्टिसुख गजानन माधव मुक्तिबोधांना लाभले नाही. त्यांचे वडील ग्वाल्हेर संस्थानात पोलिस खात्यात, म्हणजे आपल्यासारखेच बदल्यांचे बिऱ्हाड; घरात मराठी; धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कवी झाले, हे हिंदीत झाले. त्यांचा पहिला कवितासंग्रह १९६४ मध्ये निघाला, आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरला ते वारले. प्रत हाती घेणे नशिबी नव्हते.

हे उगाच आठवत नाही. गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे एक हस्तलिखित आहे. ते लिहिणाऱ्या गृहस्थांना आम्ही सारे ‘नाना’ म्हणतो. वय शहाऐंशी. स्थापत्यशास्त्राची पदवी घेऊन ते पुण्याहून जे निघाले ते राजस्थान कालव्यावर आले. ३१ मार्च १९५८ रोजी गोविंद वल्लभ पंतांनी ज्याची कोनशिला बसवली आणि १९८४ पासून ज्याला इंदिरा गांधी कालवा म्हणतात, तोच हा. पंजाबातल्या हरिकेपासून सतलज-बियासचे पाणी थरच्या वाळूत आणायचे, हे काम. नानांच्या उमेदीची सारी वर्षे सुरतगड, बिकानेर अशा मुलखात तंबूत आणि डाकबंगल्यात गेली. त्याची हकिकत त्यांनी सहा वह्यांत लिहिली आहे. तिच्यात पराक्रमाचा आव नाही. वादळ झाले की रात्रीत बुजलेला चर सकाळी पुन्हा कसा उकरीत, उंटवाले दिशा कशी ओळखीत, मुलाला मराठी बाराखडी शिकवताना पाटीवर वाळू कशी साचे, असल्या गोष्टी आहेत. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला यात काय रस वाटावा? दोघांकडे पाठवून पाहिले. उत्तर आले नाही.

आता काचबिंदूने नानांची दृष्टी झपाट्याने उतरते आहे. आणि आमच्या गंगाजळीत एकाच पुस्तकापुरते पैसे आहेत. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, खाटेखाली ९३ प्रती असताना नवे पुस्तक काढणे हा शुद्ध हट्ट होय. निदान वर्षभर थांबावे, नवे सभासद मिळवावेत. त्यांचे बोलणे तर्काला धरून होते, आणि ते माझे जुने स्नेही असल्यामुळे मला ते अधिकच लागले. दुसऱ्यांनी तर असा प्रश्न केला की, आपली नातवंडे नागरी वाचतात ती हिंदीसाठी. हे पुस्तक वाचणार कोण? याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही. मी एवढेच म्हटले की, वाचणारा येईल तेव्हा पुस्तक असले पाहिजे, आणि लिहिणारा आहे तेव्हा झाले पाहिजे. यांतली दुसरी मुदत आपल्या हाती नाही. दोन बैठका झाल्या. शेवटी तीन विरुद्ध दोन असा निर्णय झाला. विरोधात गेलेल्या स्नेह्यांनीच दुसऱ्या दिवशी आपल्या वाट्याची रक्कम आगाऊ आणून दिली. मात्र “माझा विरोध नोंदवून ठेवा” असे बजावून. मी तो इतिवृत्तात नोंदवला आहे.

संपादन करताना एकच वाद झाला. नाना सर्वत्र ‘धोरा’ लिहितात. हा राजस्थानी शब्द मराठी वाचकाला कळणार नाही, म्हणून तेथे ‘वाळूची टेकडी’ करावे, असे आम्हांला वाटले. नाना क्षणभर थांबले आणि म्हणाले, “अहो, टेकडी जागेवर राहते. धोरा राहत नाही. टेकडीच असती तर आम्हांला एवढी वर्षे कशाला लागली असती?” शब्द तसाच ठेवला. असे शब्द घेऊन मराठी घरी परतते, तेव्हा ती काही रिकाम्या हाताने येत नाही.

शेवटचे दोन फर्मे तेवढे छापायचे राहिले आहेत. मुखपृष्ठासाठी सांगानेरच्या कागजींकडून हातकागद आणला आहे. चिंध्यांच्या लगद्याचा, किंचित खरखरीत. नानांना तो बोटांनी पाहता येईल, या हिशेबाने निवडला. किंमत अजून ठरलेली नाही. बुधवारी पुन्हा चांदपोलाला जायचे आहे. एकशे बाराव्या पृष्ठावरच्या ‘धोऱ्यावर’मधला ‘ऱ’ मशीनवर चढण्यापूर्वी एकदा डोळ्यांनी पाहून घेतो.