खाजगी की सार्वजनिक?

आमच्या घरी हॉलच्या कोपऱ्यात एक डेस्कटॉप आहे. बाबा चार-पाच दुकानांचे हिशेब लिहितात, त्यांचा तो. एका बाजूला प्रिंटर, दुसऱ्या बाजूला स्कॅनर आणि कीबोर्डवर आजीने विणलेलं क्रोशाचं झाकण. काम झालं की बाबा ते झाकण न विसरता घालतात, जसं काही व्हायरस वरूनच पडणार आहे!

गेल्या गणपतीत मी हॉस्टेलवरून सांगलीला घरी गेले, तेव्हा आईने दारातच तक्रार केली, "तुझ्या बाबांचा प्रिंटर मला दिसत नाही." आई शाळेत शिकवते. ती आपल्या लॅपटॉपवरून प्रश्नपत्रिका पाठवायची आणि हॉलमधला प्रिंटर कुरकुरत छापायचा. आदल्या आठवड्यात इंटरनेटवाल्याने जुना राउटर काढून नवीन बसवला आणि तेव्हापासून ती बिचारी पेन ड्राईव्ह घेऊन स्वयंपाकघर ते हॉल अशा फेऱ्या मारत होती. "तू इंजिनिअर ना? बघ जरा," बाबा म्हणाले. (मित्रांनो, हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा आपल्या कॉलेजात एक तरी आहे का? पंखा बिघडला तरी हेच!)

मी बसले. सेटिंग्जमध्ये गेले. नेटवर्क प्रोफाईलच्या खाली दोन पर्याय होते, पब्लिक आणि प्रायव्हेट. टिकली पब्लिकवर होती. कारण सोपं आहे. विंडोज आपलं नेटवर्क राउटरवरून ओळखते. राउटर बदलला की तिच्या लेखी गाव बदललं, मग वायर जुनी असो की भिंत जुनी. आणि अनोळखी गावात ती सावधपणे पब्लिक धरून चालते. पब्लिकवर असलं की आपला कॉम्प्युटर इतरांच्या हाकेला ओ देत नाही, फाईल आणि प्रिंटर शेअरिंगच्या वाटा फायरवॉल बंद ठेवते. म्हणून आईला प्रिंटर दिसत नव्हता.

मी टिकली प्रायव्हेटवर नेली. आईच्या लॅपटॉपवरही तसंच केलं. बाबा मागे उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, "प्रायव्हेट म्हणजे काय गं?"

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. मराठीत मी एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांच्यात आजही अडकते. पण ‘खाजगी’ हा शब्द मला येत होता! मी ऐटीत म्हटलं, "प्रायव्हेट म्हणजे खाजगी, बाबा."

"म्हणजे आता आपलं बाहेरच्या कुणाला दिसणार नाही?"

"हो."

हे ‘हो’ मी किती सहज म्हटलं ते मला अजून आठवतं. मी बाबांना खोटं सांगितलं नाही. मला खरंच तसं वाटत होतं. थर्ड इयर, कॉम्प्युटर ब्रँच!

पुढचा उद्योग त्याहून भारी. प्रिंटर दिसला, पण आईच्या लॅपटॉपला तो युजरनेम-पासवर्ड मागू लागला. बाबांच्या अकाउंटला पासवर्डच नाही, आणि ज्या अकाउंटला पासवर्ड नाही त्याने विंडोज नेटवर्कवरून आत येऊ देत नाही. (ही तिची सावधगिरी. मला तेव्हा तो तिचा हट्ट वाटला.) मग मी शोधून शोधून ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ हे बंदच करून टाकलं. शिवाय माझ्या लॅपटॉपवरचे सिनेमे आणि ट्रिपचे फोटो टाकायला अख्खा डी ड्राईव्ह शेअर केला. कोणासाठी? यादीत ‘एव्हरीवन’ दिसलं, तेच निवडलं. घरात माणसं चार, एव्हरीवन म्हणजे आपणच की!

प्रिंटर कुरकुरला. आईने मला जास्तीचा मोदक दिला. सुट्टी संपली, मी हॉस्टेलवर आले.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत. काका, काकू आणि त्यांचा बारावीतला मुलगा. त्याचे क्लासचे व्हिडिओ असतात म्हणून बाबांनी वायफायचा पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहून त्यांनाही दिलेला. "टाकीचं पाणी देतो, त्यात हे काय जड झालं?" हा बाबांचा हिशेब. मला त्यात आजही काही चूक वाटत नाही. फक्त गणपतीत सेटिंग्ज बदलताना वरचा मजला माझ्या डोक्यातच आला नाही.

दिवाळीला घरी गेले. पाडव्याच्या सकाळी काकू फराळाचं ताट घेऊन खाली आल्या. मी ओट्याशी चहा गाळत होते. काकूंनी ताट ठेवलं, आईचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी, काळजी करू नका. गाठ म्हटलं की आपल्याला वाईटच सुचतं. मिरजेला चांगले डॉक्टर आहेत, हल्ली सगळं बरं होतं."

आईचा चेहरा पांढरा पडला. तिने काकूंकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

मला काहीच माहीत नव्हतं. माझी परीक्षा जवळ आलेली म्हणून आई-बाबांनी मला सांगितलं नव्हतं. आजीला तर नाहीच नाही. पहिल्या तपासणीत शंका आली होती, पुढच्या तपासणीचा रिपोर्ट दिवाळीनंतर मिळणार होता. दोघांनीच मिरजेच्या खेपा केल्या होत्या आणि घरी येऊन कंदील लावला होता. हे सगळं मला चहाचं गाळणं हातात धरून वरच्या काकूंकडून कळलं.

काकू गेल्यावर आई बाबांना म्हणाली, "तुम्ही सांगितलंत?" बाबा म्हणाले, "मी कशाला सांगू?" मग दोघंही गप्प. त्या दहा मिनिटांत आमच्या घरात एकमेकांवर संशय घेतला गेला, आणि आमच्या घरात असं कधी होत नाही. मला मात्र पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. कारण हॉलमध्ये जाऊन मी बाबांना विचारलं, "रिपोर्ट स्कॅन केलेत का?" ते म्हणाले, "हो, डी ड्राईव्हमध्ये. वेगळं फोल्डर केलंय, आईच्या नावाचं."

वरच्या मुलाला जिन्यात गाठलं. तो रडायच्या बेतात. त्याच्या फोनमधल्या फाईल्सच्या अ‍ॅपला एकाच वायफायवरचे कॉम्प्युटर दिसतात. त्यात आमचा दिसला, पासवर्ड मागितला नाही, आत माझे सिनेमे होते. त्याने त्यातले दोन बघितले. तिसरा शोधताना आईचं नाव असलेलं फोल्डर दिसलं. "ताई, मी एकच फाईल उघडली. मम्मीला सांगितलं, कारण मला भीती वाटली. पण ते ओपनच होतं ना?"

ओपनच होतं. त्याला काय बोलणार? दार मी उघडं टाकलं होतं, वर आत सिनेमे मांडून ठेवले होते.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "पण तू तर खाजगी केलं होतंस." त्यावर मला उत्तर सुचेना. नंतर मी ते नीट वाचलं आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तो प्रश्न आपल्या कॉम्प्युटरबद्दल नसतोच! ‘तुझं सामान खाजगी ठेवू का?’ असं विंडोज विचारत नाही. ती विचारते, ‘आत्ता आपण बसलोय ती जागा खाजगी आहे का? इथली सगळी माणसं आपली आहेत का?’ आपण ‘हो’ म्हटलं की ती घरातल्यासारखी वागते. घरात आपण कपाटाला कुलूप लावत नाही, कारण पुढच्या दाराला कडी असते. एसटी स्टँडवर मात्र पिशवी मांडीवर घेऊन बसतो. म्हणजे प्रायव्हेट म्हटलं की आपण जास्त दिसतो आणि पब्लिक म्हटलं की कमी! माझ्या शब्दकोशात हे नेमकं उलटं होतं.

गंमत म्हणजे आधी हा प्रश्न जरा सरळ विचारला जायचा. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टामध्ये होम, वर्क आणि पब्लिक असे तीन पर्याय होते. २००९ च्या विंडोज ७ मध्येही तेच. पुढे २०१२ च्या विंडोज ८ पासून प्रायव्हेट-पब्लिक अशी जोडी आली. ‘होम’ लिहिलं असतं तर मी कदाचित वरच्या मजल्याचा विचार केला असता. कदाचित नसताही, उगाच शब्दावर कशाला ढकला!

आणि आपल्या व्हायव्हात विचारतात तो प्रायव्हेट आयपी अ‍ॅड्रेस, १९२.१६८ वाला, तो आणखी तिसराच. त्याचा या टिकलीशी संबंध नाही. तुम्ही पब्लिक निवडा की प्रायव्हेट, राउटर घरात तोच अ‍ॅड्रेस देणार. एका शब्दाची इतकी पोरं आहेत आणि सगळ्यांची नावं सारखीच!

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती केली. डी ड्राईव्हचं शेअरिंग काढलं. बाबांच्या अकाउंटला पासवर्ड घातला (तो त्यांनी लगेच डायरीत लिहिला, असो), पासवर्डवालं शेअरिंग पुन्हा चालू केलं. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय होती, वरच्या मजल्याला ते दिलं. त्यावरून इंटरनेट मिळतं, खालचे कॉम्प्युटर दिसत नाहीत. आता डेस्कटॉप प्रायव्हेटवरच आहे, कारण प्रिंटर हवा. पण आता तिथे खरंच घरचेच आहेत.

हॉस्टेलवर परत आल्यावर रात्री सहज लॅपटॉपमधलं ‘नेटवर्क’ उघडलं. आठ नावं दिसली. एकीने तर नाव आणि रूम नंबर दोन्ही टाकलेलं! ती मला दिसत होती, म्हणजे माझाही लॅपटॉप फर्स्ट इयरपासून प्रायव्हेटवरच होता. पहिल्या दिवशी मी हेच समजून टिकली लावली असणार, खाजगी असलेलं बरं. हॉस्टेलला आपण घर म्हणतो ते मेसच्या रांगेत ठीक आहे, वायफायवर नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरलं ते याच फाईल शेअरिंगच्या वाटेने, ४४५ नंबरच्या पोर्टवरून, एका मशीनवरून शेजारच्या मशीनवर. त्यावरचा इलाज मार्चमध्येच अपडेटमधून आला होता, पण अपडेट करायला कंटाळणारे तेव्हाही होतेच.

मी माझी टिकली पब्लिकवर नेली. इंटरनेट, मेल, व्हिडिओ, सगळं तसंच चालतं. बंद होतं ते फक्त शेजाऱ्याने आत डोकावणं. भलत्या लिंकवर क्लिक केलंत तर ही टिकली वाचवत नाही, तो भाग वेगळा. मग कॉरिडॉरमधल्या त्या रूम नंबरवालीचं दार वाजवलं. ती आधी म्हणाली, "माझं प्रायव्हेटवरच आहे, काळजी नको." मी तिच्या कॉटवर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. गाठीचं तेवढं सोडून.

आईचा रिपोर्ट भाऊबीज झाल्यावर चार दिवसांनी आला होता. गाठ साधी निघाली. फोनवर आई आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "तुला आधीच सांगायला हवं होतं गं." मी म्हटलं, "आणि मी बाबांना ‘हो’ म्हणायला नको होतं."

हे सगळं आपल्या अंकात लिहू का, असं मी तिला विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लिही. अंक घरी आणलास तर आजीच्या हाती लागू देऊ नकोस."